सरळ बाजूचा सुळा

माघ शु. ४, सोमवार

डावा सुळा आजही ठणकतो आहे. पंधरावा दिवस. लवंग झाली, तुरटी झाली, हळद झाली. वर्गात कविता शिकवताना दोनदा थांबावे लागले. मुले खूश.

रविवारी वाचनालयाचा वार्षिक समारंभ. नऊ वर्षे तिथले मुख्य भाषण माझे. यंदा विषय 'स्वभाषा'. सतरा पाने लिहून तयार. वाचनालयाचे चिटणीस अण्णा अजून बोलावायला आले नाहीत, एरवी पौषातच येतात. कापसाचे दिवस आहेत, जिनिंगमधून सवड मिळत नसेल.

सौ. म्हणाली, "कादराबादेत नवा दाताचा डॉक्टर आलाय, त्याच्याकडं जा की. त्रिंबकचा दात कसा झाक बसवून दिला त्यानं."

त्रिंबकचे नाव काढायची गरज नव्हती.

त्रिंबक माझा विद्यार्थी. टेबलावर उभा करून पहिले भाषण मीच पाठ करवून घेतले होते. आता हैदराबादेहून वकील होऊन आला आहे. शेरवानी घालतो, कचेरीत उर्दू अशी बोलतो की पेशकार उठून खुर्ची देतो. मागे सायकलवरून पडला तेव्हा पुढचा दात तुटला. खोटे कशाला लिहू, मला बरे वाटले होते. म्हटले, आता बोल. आठ दिवसांत नवा दात बसला. जुन्यापेक्षा सुरेख.

माघ शु. ५, मंगळवार

गेलो. जायला नको होते.

पाटी उर्दूत आणि इंग्रजीत. मराठीत अक्षर नाही. दारातच डोके तापले. त्रिं.ने सगळ्या गावाला वर्णन करून सांगितले होते: पायाने दाबली की वर जाणारी खुर्ची, काचेच्या पेल्यात गुलाबी पाणी. प्रत्यक्षात खुर्चीचा पेच अडकलेला, एका अंगाला कललेली. बसलो की घसरायचो. गुलाबी पाणी संपले होते, माठातले दिले. बाकावर तासभर बसवून ठेवले ते वेगळेच.

डॉ. हाश्मी वयाने कोवळा. "तशरीफ रखिये" म्हणाला. मी म्हटले, "डॉक्टर, गाव मराठी आहे. रोग्याशी त्याच्या भाषेत बोला." वाटले, चिडेल. मनातून तशी तयारीही होती. पण तो हसला. "बराबर, मास्तरसाब. मी शिकून राह्यलो. त्रिंबकराव शिकवतात."

त्रिंबकराव शिकवतात!

तेवढ्यात स्वतः त्रिं. हजर. नवा दात जिभेला घासतो म्हणून जरा कानस मारून घ्यायची होती. त्याला बाक नाही, तास नाही. सरळ आत, स्टुलावर. दोघांचे उर्दूत हसणे-खिदळणे. माझ्या तोंडात आरसा. डॉक्टरने त्याला विचारले, इतवारला वाचनालयात तुमची तकरीर, म्हणजे भाषण, आहे म्हणे?

त्रिं.चा चेहरा उतरला. "मास्तर... अण्णा बोलले न्हाईत तुमच्याशी?"

तोंड उघडे असून बोलता येऊ नये, हे आयुष्यात प्रथमच घडले.

डॉक्टरने आरसा काढला, सुई उचलली आणि मला विचारले, "सरळ?" खुर्ची कललेली, मला वाटले नीट बसा म्हणतो आहे. मान ताठ केली. म्हटले, "हो, सरळ." सुई टोचली. तोंड आधीच अर्धे ठणकत होते, कुठे टोचली याकडे लक्ष नव्हते. मी त्रिं.च्या नव्या दाताकडे बघत होतो. मग चिमटा.

दिवेलागणीला बधिरपणा उतरला तसा डावा सुळा पुन्हा ठणकू लागला. जीभ फिरवली. तो जागेवर आहे. उजवा गेला.

माघ शु. ६, बुधवार

उजवाही काळा पडला होताच. पण गरीब. कधी दुखला नाही. निमूट होता तो गेला, बोंबलणारा राहिला.

सौ.ला झाले ते सांगितले. तिने शांतपणे विचारले, "त्यानं नेमका कोणता शब्द वापरला?"

"सरळ."

तिने तोंडाला पदर लावला. "अहो, सीधा! टांगेवाला 'सीधे हात को' म्हणतो तवा उजवीकडंच वळतो ना? त्या बिचाऱ्यानं सीध्याचं मराठी केलं, सरळ. उजवा का, असं इचारत होता. तुम्ही हो म्हणालात."

मराठीत बोला, हे मीच बजावले होते. त्याने पहिला प्रयोग माझ्यावर केला. उर्दूत 'सीधा' विचारले असते तर कळले असते मला. पण हा शब्द त्याला त्रिं.ने शिकवला असणार. उजवा-डावा न शिकवता सरळ-वाकडा शिकवणारा मास्तर.

संध्याकाळी अण्णा आले. उपरणे हातात चोळत बसले. म्हणाले, "मास्तर, सभेच्या सरकारी परवानगीच्या अर्जात वक्त्याचं नाव लिहावं लागतंय. तुमची मागली भाषणं कचेरीत टिपलेली हायेत, तुमचं टाकलं की कागद वापस येतो. दोन वर्षं मी कचेरीत पाया पडून आणला. यंदा साहेब नवा. त्रिंबकचं नाव बिलकुल अडत न्हाई."

"म्हणजे तो चांगला बोलतो म्हणून नाही?"

अण्णा जरा थांबले. "बोलतो बी चांगलंच."

ते थांबले नसते तर बरे झाले असते.

माघ शु. ८, शुक्रवार

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात पहिले पान मोठ्याने वाचले. 'स्वभाषा' म्हटले की फटीतून शिट्टी. 'स्वाभिमान', शिट्टी. 'संस्कार', दोन. सतरा पानांत स किती आहेत हे आजवर कधी लक्षात आले नव्हते. गालात कापूस धरून पाहिले. शिट्टी जाते, शब्दही जातो.

परत येताना त्रिं. वाटेत उभा. बरोबर चालू लागला. मीच म्हटले, "विषय काय घेतलास?"

"तुमचाच. स्वभाषा. तोच मंजूर झालाय."

मी रागाने चाल वाढवली. मग तो हळू म्हणाला, "मास्तर, परवानगी भाषणाची लागते. आभाराची लागत न्हाई. मी दहा मिनिटांत आटोपतो. आभार तुम्ही माना. किती वेळ मानायचे ते कुठं लिहिलंय?"

मला हसू आले. फटीतून तेही शिट्टीसारखे निघाले. तो हसला नाही. लहानपणीही माझ्या फजितीला वर्ग हसायचा, हा नाही.

हे त्याला सुचले. मला का नाही सुचले? सबंध वाट हेच डोक्यात. युक्ती त्याची, दात त्याचा, दहा मिनिटांच्या टाळ्याही त्याच्याच. मागे बदनापूरच्या सभेत तो बोलला तेव्हा लोकांनी त्याच्या कोणत्या वाक्यांना टाळ्या दिल्या ते मी वहीत टिपून ठेवले आहे. त्यातली तीन माझी आहेत. त्याला आठवतही नसेल की माझी आहेत.

बघतो, म्हणालो.

माघ शु. ९, शनिवार

डावा असह्य. डॉक्टरकडे जायचे नाही असे ठरवले होते. दुपारी तोच घरी आला. टोपी हातात, दारात उभा. पाठ करून आला होता: "उजवा. डावा. वर. खाली. माफी असावी." एकही चूक नाही. उच्चार स्वच्छ. सौ.ने चहा दिला.

म्हणाला, उद्या मराठी भाषण ऐकायला येणार. पुढे बसणार.

विचारले, हे शब्द कोणी शिकवले. "त्रिंबकराव." मग चाचरत म्हणाला, "ते म्हणाले, 'बराबर शिकायचं तर मास्तरांकडे जा. मी काय, मी तर त्यांचंच बोलतो.'"

वाकडे काही सुचेना. "सोमवारपासून या," म्हणालो. "उर्दू मात्र मी बोलणार नाही."

"आणि डावा?"

"तोही सोमवारी."

माघ शु. १०, रविवार, दुपारी

सभा पाचला. सतरा पाने दोनदा चाळली. आभाराच्या निमित्ताने स्वभाषेवर जायला वाट सापडली आहे. श्रोत्यांचे आभार, ते मराठीत ऐकतात म्हणून. तिथून पुढे कितीही जाता येईल. सभेला येऊन बसणारा तहसिलीचा माणूस कागदावर काय लिहून घेईल ते त्याचे तो पाहील.

शिट्टी आहेच. सौ. म्हणते, "वाजली तर वाजू द्या. लोकांना वाटंल जोर आलाय."

अडले आहे ते दुसरीकडेच. आभार म्हटले की पहिले नाव मुख्य वक्त्याचे. ते घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, मीच शाळेत असे शिकवतो. पहिली ओळ सकाळपासून तीनदा लिहिली. 'माझे विद्यार्थी' लिहिले, खोडले. 'विद्वान वकील' लिहिले, खोडले. नुसते 'त्रिंबकराव' लिहून पाहिले. त्यात एकही स नाही. त्या नावाला शिट्टी वाजणार नाही.

साडेचार. अण्णांची हाक आली. नावापुढची ओळ अजून कोरी आहे. निघतो.