शिंक्यातलं कोहळं

माय, आज बाजारातून लाल कोहळ्याची फोड आणली. आता कोहळं कापलेलंच मिळतं; पहिली सुरी कोणी मारली, कोणी विचारत नाही. तुझ्या हातासारखी गोड बोंडं तळायला बसले. फोडी वाफवल्या, गूळ घालून कुस्करल्या, मावेल तेवढीच कणीक घातली, पाण्याचा थेंब नाही. तरी पीठ सैलच. नात म्हणाली, "दादी, अच्छा है," आणि दुसरं बोंड घेतलं नाही. तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस.

तुझं कोहळं असं पानचट नव्हतं. भंडाऱ्याकडच्या माहेराहून तू त्याचं बी लुगड्याच्या गाठीत बांधून आणलं होतंस. वरून काळंहिरवं, खोल फाकांचं, आतून हळदीसारखं, आणि शिजलं तरी फोड फोडीच्या जागी. वेल गोठ्याच्या कौलांवर चढायचा. शेजारी कोणी बाजारचं बी लावलं की तू भांडायला हजर. "तुमच्या फुलावरची माशी माह्या फुलावर बसते, मंग माह्यं कोहळं बिघडते." बाया हसायच्या, "मंग माशीलेच सांग न वं." दरवर्षी सगळ्यात चांगलं फळ तू बियासाठी शिंक्यात टांगायचीस.

बौद्ध दीक्षा घेतल्यावर देव्हारा तू स्वतःच्या हातानं उचललास, उपासतापास सोडलेस. एवढी एक गोष्ट मात्र सुटली नाही. अख्ख्या कोहळ्यावर बाईनं पहिली सुरी चालवायची नाही; घरच्या पुरुषाचा हात लागला की मग आपण चिरायचं. आधी बाबा, ते गेल्यावर दादा. मी चिडवायची, "माय, देव गेले अन् कोहळंच राह्यलं काय?" तू म्हणायचीस, "कोहळं देव नाही, लेकरू हाये. लेकरावर माय सुरी धरते काय?"

मग दादा मलाजखंडला तांब्याच्या खाणीत कामाला लागला. त्या वर्षी पावसानं हात दाखवला आणि वेलाला एकच फळ धरलं. खायला तेच, बियाला तेच. दादानं कळवलं, होळीला येतो. होळी गेली. तू खाट धरलीस, पेजही पोटात ठरेना. एका दुपारी म्हणालीस, "कोहळ्याची फोड भेटली अस्ती त दोन घास गेले अस्ते."

मी सुरी घेऊन शिंक्याखाली उभी आहे. "कापू काय, माय?"

"तुले काहून घाई सुटली? येऊन राह्यला न तो."

शेजारचे काका ओट्यावरून म्हणतात, "वयनी, मी मारतो सुरी. मी बी त माणूसच आहो."

"हौ, अन् अर्धं कोहळं मजुरी म्हणून घरी न्या." तू हसतेस, मग कितीतरी वेळ खोकत राहतेस.

मला तेव्हा त्या रीतीचा राग आला. आता वाटतं, तुला रीत नव्हती सांभाळायची. कोहळं अख्खं होतं, तोवर दादा यायचा होता.

तो आला तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी. काय करावं त्याला सुचेना. शिंकं उतरवलं आणि सुरी मारली. आत काळं पाणी. बिया चिमटीत धरल्या की दबायच्या. "मी आलो अस्तो त," एवढंच म्हणाला आणि सुरी हातात धरून बसून राहिला. मी लामता गावच्या मावशीकडे गेले, तिला तू कधीतरी बी दिलं होतंस. तिच्या वेलाची फळं पिवळट, पाणीच पाणी. "तुह्या मायच्या अन् बाजारच्या, दोन्ही बिया एकाच आंगनात लावल्या वं," ती म्हणाली, "मले काय मालूम."

ही चिठ्ठी कुठं टाकायची नाही, म्हणून पुढचं लिहिता येतं. दादाला मी हे कधी सांगितलं नाही. तू जायच्या आठ दिवस आधी शिंकं झाडताना माझं बोट कोहळ्याच्या एका अंगात रुतलं होतं. तेव्हाच कापलं असतं, तर उरलेल्यात तुझी भाजी निघाली असती, बीही निघालं असतं. तू खाटेवरून विचारलंस, "चांगलं हाये न?" मी मऊ बाजू भिंतीकडे वळवली आणि म्हटलं, "हौ, माय. टणक हाये."