भाकरीच्या पिठात

पेण,
दि. १९ जून २०२५

शांतीताईंना ऋतुजाचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल. इकडे आई बऱ्या आहेत, जेवण मात्र कमी झालं आहे. निकेशची या आठवड्यात डोलवीला सेकंड शिफ्ट आहे. मी गणपतीच्या कारखान्यात परत जायला लागले. सोवळ्याचे काठ रंगवते. डोळ्यांची आखणी शेठनी अजून मला दिलेली नाही. मीही मागितली नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. "असूदे गो, झालं ते झालं," म्हणता आणि आईंना फोन द्यायला सांगता. म्हणून लिहिते.

रोह्याला तुमच्या बचत गटात तुम्ही माझं नाव घेता, हे मला कळलं. "माझ्या भावजयीला पीसीओडी होता, सहा वर्षं पाळणा हलला नाय. आपली पावडर खाल्ली नि दिवस राहिले." असं सांगून डबे विकता. पुढचं सांगत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. तुमच्या सुनेला, भूमिकाला, ती पावडर पुन्हा द्यायची नाही. दिवस राहण्यासाठी तिचेही उपचार पनवेलच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे चालू आहेत.

मी सगळ्याच गोळ्या-पावडरींच्या विरोधात नाही. बाईंनीच मला फोलिक अॅसिड दिलं होतं. व्हिटॅमिन डी कमी निघालं, त्याच्याही गोळ्या दिल्या. पाण्यात घालून प्यायच्या इनोसिटॉलच्या पुड्या होत्या. पुड्यांबद्दल त्या स्पष्ट म्हणाल्या, "फायदा होईलच असं नाही, पण घेऊन बघू." आणि दर वेळी विचारायच्या, "याशिवाय काही घेता का? काढा, चूर्ण, कुणी दिलेलं काही?" मी नाही म्हणायचे. ते खरं होतं, माझ्यापुरतं. तुम्ही डबा आणलात तेव्हा मी तो तुमच्यासमोर परत तुमच्या पिशवीत ठेवला होता. तुम्ही हसलात. "शिकलेली गो तू! औषध नाय ते, ताकद हाय."

मग माझे उपचार चालू असताना तुम्ही मदतीला म्हणून येऊन राहिलात, आणि दिवस राहिल्यावरही राहिलात. तांदूळ गिरणीवर तुम्हीच नेत होतात. त्या पिठाची उकड नीट होत नव्हती. भाकरी काठाला चिरायची, मागून कडवट लागायची. मी निकेशला म्हटलं, यंदाचा तांदूळ बरोबर नाही. तुम्ही समोर जेवत होतात. म्हणालात, "भाकरीला हात लागतो गो, तांदूळ काय करेल?" मी दोन जिवांची होते, म्हणून आणखी एक भाकरी घेतली.

त्यानंतरचं लिहिणार नव्हते.

मुलगी होती. पाचवा महिना होता. निकेशने तिला कापडात गुंडाळून खाडीच्या बांधाकडे नेलं, बरोबर शेजारचे जगनकाका होते. मला दाखवली नाही. तुम्ही ओटीवर सगळ्यांना म्हणालात, "एवढ्याशाचं सुतक कसलं? चूल पेटवा." मी आतून ऐकत होते. चूल पेटली. त्याच पिठाच्या भाकऱ्या झाल्या.

पिठाचं मला आईंनी सांगितलं, तुम्ही रोह्याला गेल्यावर. त्यांनी तुम्हाला पावडर मिसळताना पाहिलं होतं. लेक करते ते चांगल्यासाठीच, असं समजून गप्प बसल्या. आता त्या माझ्याबरोबर जेवायला बसत नाहीत.

उरलेलं पीठ घेऊन मी पनवेलला गेले. बाई म्हणाल्या, "यामुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. यामुळे नाही झालं, असंही नाही सांगू शकत. यात काय आहे तेच मला माहीत नाही." तुमच्या डब्यावर बाळाचं चित्र आहे आणि एक फोन नंबर आहे. आत काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नाही.

एवढं झाल्यावर तरी तुम्ही थांबाल, असं मला वाटलं होतं.

सोमवारी भूमिकाचा फोन आला. रडत होती. "मामी, मला साधी भाकरी पण जमत नाय. सारखी चिरते. सासूबाई माहेर काढतात."

मी विचारलं, "दळण कोण आणतं?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही गटाच्या मीटिंगला गेला होतात, तेव्हा मी रोह्याला येऊन तिला घेऊन गेले. ती गागोद्याला माहेरी गेली, असं तुमच्या आदर्शने तुम्हाला सांगितलं. ते मी सांगायला लावलं. ती माझ्याकडे आहे. तुमच्या मुलाला सगळं माहीत आहे, आणि हे पत्र तोच तुमच्या हातात देईल.

येत्या मंगळवारी पनवेलला तिची तपासणी आहे. डबा घेऊन दवाखान्यात या. कधीपासून आणि किती मिसळलंत, पावडर कुणाकडून आणता, हे बाईंना तुमच्या तोंडाने सांगा. उपचाराचं पुढचं इंजेक्शन द्यायचं की थांबायचं, ते बाई त्यावर ठरवतील. तोवर भूमिका रोह्याला येणार नाही. तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या गटाच्या पुढच्या मीटिंगला मी येईन आणि माझ्या नावाची राहिलेली गोष्ट पुरी करेन.

दवाखान्यात माझ्याशी बोलायची गरज नाही. आईंना भेटायचं असेल तर मी कारखान्यात असताना येऊन जा.

भूमिकाची मामी,
ऋतुजा