दादाच्या चुकीचा पुरावा

१ ऑक्टोबर, शनिवार
दुरुस्ती. दादाने बोट धक्क्यावर आपटली, असं काल लिहिलं. आपटली नाही, घासली. वीतभर रंग गेला, फळी शाबूत आहे. सूड घ्यायचा असला तरी नोंद खरी हवी.
बाकी सगळं खरं. धक्का जवळ आला, गिअरचा दांडा न्यूट्रलला येईना, बोट आपली पुढेच. उतरल्यावर दादा प्रवाशांदेखत म्हणाला की गिअरचं काम बाईसाहेबांकडे, म्हणजे माझ्याकडे असतं, त्यांनाच विचारा. दोघं हसले. एकाची छत्री होती, ती लक्षात ठेवली आहे.
बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी बघू आणि मग यंदाच्या फेऱ्यांना बोट कोण चालवणार ते ठरवू.
मीच चालवणार. दादाने दांडा हिसडून केबल बिघडवली, हे सिद्ध करणार. अगदी शांतपणे.

२ ऑक्टोबर, रविवार
शांत राहण्याचा सराव केला. अर्धा तास जमला.
शाळेच्या आधी अक्षरं बाबांनी शिकवली, इंजिनही त्यांनीच. आमच्या बोटीचं इंजिन आत आणि पाणी कापणारा पंखा ज्याला बसवलाय तो पाय मागे बाहेर, गिअरही त्यातच. दांड्यापासून इंजिनपर्यंत एक केबल, तिथून पायापर्यंत दुसरी. मधला जोड सोडायचा आणि कुठली अडकते ते हाताने बघायचं.
दादाच्या हाताखालची केबल लोण्यासारखी सरकते. पायाकडची घट्ट.
निष्कर्ष: दादाने वरची मुद्दाम जपली आणि खालची बिघडवली. दिसतो तेवढा साधा नाही तो.

४ ऑक्टोबर, मंगळवार
पाय उतरवला, जुनी केबल काढली. एका जागी चेपली आहे. बरोबर बॅटरीखाली.
बॅटरी तिथे मी सरकवली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. खालून केबल जाते हे दादाने मला सांगायला हवं होतं. मोठा भाऊ कशासाठी असतो? म्हणजे दोष त्याचाच, फक्त थोडा लांबून.
बाबांना अजून दाखवली नाही. पुरावा पूर्ण झाल्यावर दाखवीन.

६ ऑक्टोबर, गुरुवार
नवी केबल बसवली. बोट ट्रेलरवर. दांडा पुढे ढकलला, गिअर लागेना. केबल आवळली. लागेना. सैल केली. लागेना. परत आवळली.
दादा कुंपणावर बसून बिस्किटं खात होता. तिथूनच ओरडला, अगं, पंखा कोण फिरवणार?
जमिनीवर पंखा हाताने फिरवल्याशिवाय गिअरचे दात दातात बसत नाहीत. लहानपणी दादा दांड्यावर आणि मी पंख्यावर असायचे. मला माहीत होतं. न फिरवता काय होतं ते मी बघत होते.
त्याने विचारलं, येऊ का? मी सांगितलं, कुंपण पडेल, उतर.
आईला बोलावलं. भांडण तुमचं आणि हात माझे काळे का, असं म्हणत तिने पंखा फिरवला. पहिल्याच फेऱ्यात गिअर लागला. केबल पुन्हा पहिल्यासारखी सैल केली.

९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी बोट पाण्यात. पुढे, न्यूट्रल, मागे, सगळं दोन बोटांनी. धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबवली. बघायला फक्त दादा, तोही दोर धरून.
जेवताना बोलायचं ठरवलं होतं. घसा साफ केला. तेवढ्यात दादाच म्हणाला, बाबा, चूक माझी, दांडा मीच जोरात ओढला, केबल त्यानेच गेली. बाबा म्हणाले, बरं, मग यंदा बोट तायडी चालवेल, मंगळवारी सकाळी किल्ली देतो. आई म्हणाली, बघ, मन किती मोठं आहे पोराचं.
मोठं मन! आठ दिवस मी राबले आणि माफी हा मागून मोकळा. पाणीसुद्धा मीच वाढत होते त्याला.
आणि साफ खोटं. केबल ओढून गेली नाही, बॅटरीखाली चेपली. आईसमोर मिरवायला खोटं बोलतो. हे मी खपवून घेणार नाही. चेपलेली केबल बाबांसमोर ठेवणार. बॅटरी तिथे कुणी सरकवली तेही सांगणार, म्हणजे याला पळवाट उरणार नाही. मग बघू मोठं मन कुठे जातं.
उद्या बाबा दिवसभर बाहेर आहेत. म्हणून मंगळवार, ११ ऑक्टोबर. बाबा माझ्या हातात किल्ली देतील, त्याच्या आधी.