रिकाम्या खुर्चीवरचा ठराव

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे. पुढचं वाचून परत पाठवू नकोस.

वाचनालयाच्या अध्यक्षपदावरून तुला काढायला सभा बोलावली, तर आदल्या दिवशी गुडघ्यांचं कारण देऊन तू राजीनामा ठेवलास आणि मुलाकडे निघून गेलास. पण सभा रद्द नाही. महिनाअखेरच्या रविवारी होणार आहे. शिक्षकबाई तिला महाभियोग म्हणतात, शिंपीकाका सरळ हजामत म्हणतात. मुलांची खोली कुणालाही न विचारता तू स्वतःचं ऑफिस केलीस, वर सोफा टाकलास. पोरं आता जिन्यात बसून वाचतात, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय चुकवत.

ठराव मीच मांडणार आहे. परक्या कुणी मांडला असता तर तुला लागलं असतं.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.
तुझी चिमणी

१७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद, दातओठ खाऊन.

शिंपीकाकांना सांग, टकल्याची हजामत होत नाही. मी पद सोडलं. आता काढणार कशावरून? बसमधून उतरलेल्या माणसाला कंडक्टर पुन्हा उतरवतो का? आणि अध्यक्षाने पाहुण्यांना काय कपाटांच्या मधे उभं करायचं? सख्खी बहीण ठराव मांडतेय हे ऐकून तुझी वहिनी इतकी हसली की हातातला चहा सांडला. या घरात माझी बाजू घेणारं कुणी नाही.

गुडघे उत्तम. रोज तळ्याला फेरी मारतो.

तब्येतीला जप. ठरावाला नको.
तुझा दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न. गुडघे उत्तम असल्याचं सभेला कळवते.

अरे, राजीनामा दिलेला माणूस पुन्हा निवडणुकीला उभा राहू शकतो. काढलेला नाही, असा आपला नियम आहे. याआधी दोनदा तू असाच रुसून गेलास आणि निवडणूक लागताच हसत परत आलास. तू बसमधून उतरतोस, पण पुढच्या थांब्यावर चढून तीच खिडकी मागतोस. पोरांनी किती दिवस जिन्यात बसायचं?

स्वतः येऊन काय ते बोल. उतरायला माझ्याकडेच ये.

तुझीच, तरीही विरोधात,
चिमणी

२ एप्रिल

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि. दादा येऊन सांगेल त्यातलं अर्धंच खरं धर.

या सभेला मी मानत नाही, एवढंच सांगायला तो आला होता. पण उपाध्यक्ष डॉक्टर घाबरून मागे बसलेले, आणि सगळे एकदम बोलत होते. दादाला गोंधळ बघवेना. तो तडक अध्यक्षांच्या खुर्चीत बसला, टेबल आपटलं, सगळ्यांना गप्प केलं आणि मला ठराव मांडायला लावलं. मी लांबण लावली तर मला खाली बसवलं. स्वतःच्या बाजूने बोलला, वेळ संपल्यावर स्वतःलाही थांबवलं. मग हात मोजून ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाला, मी अध्यक्ष नव्हतोच, सगळं बेकायदा आहे. शिक्षकबाईंनी शांतपणे विचारलं, मग इतका वेळ त्या खुर्चीत कोण बसलं होतं? आधी शिंपीकाका हसले, मग दादासुद्धा.

रात्री मात्र जेवला नाही. मलाही घास जाईना. सकाळी त्याने विचारलं, पोरांना गोष्टी वाचून दाखवायला पद लागतं का? मी नाही म्हटलं.

काल ती खोली पुन्हा मुलांसाठी उघडली. दादा समोरच्या बुटक्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. एका चिमुरडीने येऊन सांगितलं, ही माझी जागा आहे, ऊठ.

वहिनी, तो उठला.

नणंदेवर थोडी माया असू दे.
चिमणी