कुंदाच्या पेटीतली गोधडी

३ जानेवारी १९८९
धुळ्याहून लेकीचं, सुनंदाचं पत्र. फेब्रुवारीत बाळंत होईल. लिहिते, 'नाना, बाळाला आईच्याच साडीत गुंडाळायचंय. तिची घरातली तपकिरी, ठिगळाची साडी तेवढी पाठवा.'
ठिगळाची! म्हणजे व्याह्यांसमोर माझं नाक कापायचं. ते काही नाही. कुंदाच्या उत्तमोत्तम साड्यांची गोधडी करणार. स्वतः. इरिगेशनच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये तीस वर्षं ट्रेसर होतो. शिवण म्हणजे शेवटी भूमितीच.

४ जानेवारी
ग्राफ पेपरवर प्लॅन तयार. चौसष्ट चौकोन. फारच देखणा.
कुंदाची घरातली चार जुनेरं होती, पण तेराव्यानंतर तीन भांडेवालीला दिली. स्टीलचा डबा मिळाला. चौथं लूना पुसायला ठेवलं. तपकिरी असावं, आता काळं आहे. तेल छान पितं.
रोज आठ चौकोन. आठ दिवसांत काम फत्ते.

१२ जानेवारी
चौकोन शून्य. कारणं: थंडी, चष्मा, दोस्त झुलालच्या मळ्यातलं भरीत. पोट दोन दिवस बिघडलेलं.

१६ जानेवारी
कुंदाची पेटी उघडली. अकरा साड्या! कडक घडीच्या, डांबरगोळ्या घातलेल्या, सगळ्या नायलॉन. काय कमी पडू दिलं मी तिला? प्रत्येक साडीला चिठ्ठी, कुंदाच्या अक्षरात. 'झुलालभाऊंची सून.' 'चोपड्याच्या वन्सं.' मी लगेच ओळखलं. कोणत्या साडीची कोणी तारीफ केली, ते बाई टिपून ठेवायची. हौस बघा!
हिरव्या साडीला चिठ्ठी होती, 'सुनंदा, बारशाला.' म्हणजे सुनंदाकडच्या बारशाला ही नेसून मिरवणार होती बिचारी. डोळ्यांत पाणी आलं. तीच आधी कापली.

२६ जानेवारी
नायलॉन फार हरामखोर. सुईखालून सटकतं. चौकोनाला पाच कोपरे येतात. कात्री खराब आहे. प्लॅन सुधारला: चोवीस चौकोन. मोठे चौकोन जास्त भारदस्त दिसतात.
शेजारच्या यशोदाबाई डोकावल्या. त्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या, म्हणून स्वतःला इंजिनियर समजतात. चिठ्ठ्या वाचल्या. म्हणाल्या, "नाना, हाई लुगडं कुंदानं नही शे."
त्यांचं म्हणणं, हे कुंदाचं नाहीच, या आहेरात आलेल्या साड्या. पुढे कुणाच्या कार्यात कुणाला द्यायची, ते चिठ्ठीवर. कुंदाच्या अंगाला यातली एकही लागली नाही. शिवाय तान्ह्या बाळाला वापरून मऊ झालेलं सुती लागतं, नायलॉन टोचतं.
निव्वळ मत्सर. पेटी कुंदाची, तर साड्या कुंदाच्या. एकतीस वर्षं संसार केला, मला कळणार नाही? मग लग्नाकार्यात कुंदा काय नेसायची, ते आठवायला बसलो. आठवलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय.

१३ फेब्रुवारी
तार आली. काल मुलगा झाला. बारसं तेवीसला.
गोधडी निम्मी. दोष पोस्टाचा. थोडं आधी कळवायला काय होतं?

२१ फेब्रुवारी
गोधडी पूर्ण. उरलेली सगळी शिवण यशोदाबाईंनी केली. कुंदाची आठवण म्हणून करते, म्हणाल्या, तुमच्यासाठी नाही. सुपरव्हिजन पूर्णपणे माझं.

२३ फेब्रुवारी, धुळे
एसटीत धूळ फार, म्हणून गोधडी लूनाच्या फडक्यात बांधून आणली. बरी बाजू वर. सगळ्या बायकांसमोर सुनंदाने गाठ सोडली. गोधडी तिच्या मांडीवरून घसरून खाली पडली. तिने उचललीसुद्धा नाही. फडकंच हातात घेऊन बसली. ठिगळावरून बोट फिरवलं. नाकाशी धरलं. ऑइलचा वास तो, किती वेळ घ्यायचा माणसाने!
मग म्हणाली, "नाना, आईच्या साडीला हे काय लागलं?"
मी खरं ते सांगितलं. लूना पुसतो, कापड एक नंबर आहे. 
तिने त्यातला बरा तुकडा फाडला, धुतला. ऊन होतं, तासात वाळला. बाळ त्यातच पाळण्यात गेलं. नाव कौतिक ठेवलं. मी आणलेली नावांची यादी कुणी मागितली नाही.
नंतर सुनंदाने हिरव्या साडीचं विचारलं. ऑगस्टमध्ये दवाखान्यात शेवटच्या दिवशी आई म्हणाली होती म्हणे, तुझ्या बाळाच्या बारशाला हिरवी साडी ठेवलीय, नानांना माहीत नाही, पेटीत आहे. मी गोधडीतले सहा हिरवे चौकोन मोजून दाखवले. सुनंदा उठून आत गेली. व्याही म्हणाले, चहा घ्या.

२५ फेब्रुवारी, जळगाव
गोधडी परत आणली. तुम्हीच पांघरा, असं सुनंदाने निरोपात सांगितलं. समोर आली नाही. बाळंतिणीला वारा लागू नये, म्हणून असेल.
अंगावर ठरत नाही. घसरते.
लूना धुळीने माखलेली. पुसायला घरात कापड नाही. गोधडीचा कोपरा वापरून पाहिला. नायलॉन तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. वैताग आला. एखादं जुनं फडकं दे गं, म्हणून आत हाक मारली.
थोडा वेळ थांबलो. मग लूना तशीच ठेवली.