शेवटच्या अध्यायाला सवड

राजपुरा, बऱ्हाणपूर

३ नोव्हेंबर १९१८
मानमोडीच्या तापात ही गेली, त्याला पंधरवडा झाला. मी अगदी स्थिर आहे. पोथी वाचणाऱ्या माणसाला शोक शिवत नाही. हेडमास्तरांचा मुलगा त्याच तापात गेला, म्हणून आज त्यांना आत्मा अमर असल्याचे बराच वेळ समजावले. ते मध्येच उठून गेले. लोकांची तयारीच नसते.

५ नोव्हेंबर
शेजारच्या सोजरबाई आल्या होत्या. ही आजारी पडली आणि आमच्या पोथीचे शेवटचे चार अध्याय राहून गेले, हे त्यांना ठाऊक. म्हणाल्या, "मास्तर, अर्धी पोथी आयकेल बाई घरातून हालत नही. पुरी करा, मंग सुटीन ती."
अडाणी समजूत. पण शेजाऱ्यांचे मन राखावे. रोज दिवेलागणीला एक अध्याय. टाइमटेबल भिंतीवर लावले.

६ नोव्हेंबर
रिवाजाप्रमाणे श्रोत्याचा पाट समोर मांडला. हिचाच. ही प्रत्येक ओवीला "हूं" म्हणायची, त्याशिवाय मला पुढे वाचवत नसे.
तिसऱ्या ओवीला पाटाकडून "हूं" आले.
आढ्यात पारवा आहे.

७ नोव्हेंबर
पारवा हाकलला. भोक चिंध्यांनी बुजवले. "हूं" वेळेवर. म्हणजे मांजर. भीती अजिबात वाटली नाही. पाटावर हिची शाल टाकून ठेवली, थंडी पडू लागली आहे म्हणून.

८ नोव्हेंबर
परीक्षा म्हणून मुद्दाम एक ओवी गाळली. हुंकार नाही. मागे जाऊन ती वाचली, तेव्हा आला. ही नेहमी अशीच पकडायची.
मांजर हुशार दिसते.

९ नोव्हेंबर
शेवटचा अध्याय आज नको. चष्मा धुरकट झाला आहे.

११ नोव्हेंबर
घसा बसला. सोजरबाईंना हे नीट समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

१४ नोव्हेंबर
हिचा धाकटा भाऊ कौतिक दापोऱ्याहून केळीचा घड घेऊन आला. समाप्तीच्या प्रसादाला. आजचा दिवस बरा नाही, असे सांगितले. उद्याचाही.

१७ नोव्हेंबर
केळी काळी पडली. कौतिक हलत नाही. जेवताना म्हणाला, "दाजी, जाऊ द्या ना तिले आता."
मी रागावलो. मी कुणाला धरून ठेवले आहे? ताटावरून उठलो.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
कौतिकच्या समाधानासाठी शेवटचा अध्याय काढला. ओवीओवीला हुंकार. शेवटच्या ओवीशी मला ठसका लागला. पाणी प्यालो. पुन्हा लागला. पोथी मिटून म्हटले, उरलेले पुढच्या आठवड्यात.
ती ओवी कुणाला पाठ नसते? कौतिकने हात जोडले आणि तोंडाने म्हणून टाकली.
"हूं" आले. हलकेच, घरातले काम उरकल्यासारखे.

१९ नोव्हेंबर
कौतिक गेला. मी स्थिर आहे. उच्चारात फार चुका राहिल्या होत्या, म्हणून पुन्हा पहिला अध्याय काढला. पहिलीच ओवी वाचतो आहे, सकाळपासून.
आढ्यातल्या चिंध्या काढून टाकल्या. पारवा तरी येईल.