तांबडीच्या तोंडातला घास

बाबा, तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली, आणि आज कबुली द्यायला बसले आहे. माझ्या संशोधनाचे सर जानेफळला आपल्या गोठ्यात आले होते, तो दिवस आठवतो? गायीच्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात, त्या जंतूंनाही विषाणू धरतात. कोणता विषाणू कोणत्या जंतूला धरेल, हे संगणकाकडून आधीच ओळखून घ्यायचं, हेच माझं काम. म्हणून आपल्या तांबडीच्या आणि शेजारच्या काळीच्या पोटातलं पाणी बाटल्यांत भरणं चाललंय, आणि तुम्ही शेणाचे हात धोतराला पुसत पुढं येता. "साहेब, मागच्या महिन्यात काळीनं चारा सोडला होता. तांबडी रवंथ करून राह्यली होती, तिच्या तोंडातला घास काढला अन् काळीच्या तोंडात कोंबला. दोघीचं पोट आता एकच समजा." सर हसले. मी खेकसले, "बाबा, गप बसा न! लाज आणता नुसती." तुम्ही "हाव बाई" म्हणून चहाचं सांगायला आत गेलात.

निकाल आला. काळीच्या पोटात तांबडीचेच जंतू, तेच विषाणू. दोघी कधी एकत्र चरल्या नव्हत्या. बाटल्यांची सरमिसळ झाली असं लिहून मी काळीला यादीतून काढून टाकलं. तुमचं बोलणं आठवत होतं हो! पण ते खरं धरायचं म्हणजे सरांपुढं तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. तुम्ही दोनदा विचारलंत, "बाई, काळीचं काय निंगालं?" मी म्हटलं, काही नाही.

तुम्ही गेल्यावर कळलं, जनावरांचे डॉक्टरही हेच करतात, धडधाकट गायीच्या पोटातलं पाणी आजारी गायीला पाजतात. काय डोंबलाचं शिकले मी! जुनी माहिती उकरून काढली, पुन्हा तपासली. तुमचंच खरं निघालं. आता त्याच कामासाठी लोक मला बोलावतात. परवा भर सभेत एका बाईंनी विचारलं, "हे घासाचं तुम्हाला सांगितलं कोणी?" माझे वडील, हे अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी म्हटलं, "गावातले एक शेतकरी." टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे आईला वाचून दाखवणार होते. पण ती विचारेल, "बापाले काऊन लपवलं वं?" म्हणून राहू दिलं. ती अजून शेजारणीला तुमचं सांगत असते, यायनं लय आशेनं विचारलं, पण काळीच्या बाटलीत काही निंगालंच नाही. मी शेजारी बसून ऐकते.